आधी नमस्कार, मग लाथ

आयुष्यभर मी लोकांच्या पोरांना लाथा मारायला शिकवलं आणि वर त्याचा पगारही घेतला. असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो आणि मग जरा लांब सरकून बसतो. या दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणून जे गृहस्थ घरी आले होते, तेही असेच सरकले. मग भिंतीवरचा फोटो बघून म्हणाले, कराटे का? मी म्हटलं, नाही. मग ज्युडो? तेही नाही. तायक्वांदो म्हटल्यावर त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावला आणि कागदावर न लिहिताच खिशात पेन ठेवलं. सत्तरच्या दशकात मी हा खेळ साताऱ्यात आणला तेव्हाही लोक असंच करायचे. फक्त तेव्हा त्यांच्या खिशात पेन नसायचं.

मला सगळे मेजर म्हणतात. मी निवृत्त झालो हवालदार म्हणून. पण आमच्या वडूजकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो आणि त्याबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही. फौजेत मी कवायत शिकवणारा. बंगलोरला असताना एका कोरियन गुरूंच्या शिबिरात आम्हा काही जणांना पाठवलं होतं. गुरू उंचीने माझ्या खांद्याला लागत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टोपीला हात लावावा तसा पाय लावला आणि टोपी खाली पडली. मला राग यायला हवा होता. मी त्याच दिवशी त्यांचा चेला झालो.

बाहेरच्यांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. एक चौकोन आखलेला असतो. दोघे जण छातीला कवच बांधून समोरासमोर उभे राहतात. लाथ कवचावर नाहीतर डोक्यावर मारायची, कमरेखाली नाही. बुक्की छातीवर चालते, तोंडावर नाही. धरायचं नाही, ढकलायचं नाही, रेषेबाहेर पळायचं नाही. तीन फेऱ्या होतात. मधे एक पंच असतो आणि चार कोपऱ्यांत चार जण कागदावर गुण टिपत बसतात. नुसता पाय लागून भागत नाही, बघणाऱ्यालाही कळावी अशी लाथ बसावी लागते. आणि लाथ पायाने मारतात हा गैरसमज आहे. गुडघ्याने नेम धरायचा, कमरेने जोर द्यायचा. पाय बिचारा फक्त पोचवायला जातो.

त्र्याहत्तर साली कोरियात, सोलमध्ये, या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेव्हा वजनाचे गट दोनच होते, हलका आणि जड. म्हणजे आमच्याकडच्या हडकुळ्या पोराने भरल्या अंगाच्या गड्यासमोर उभं राहायचं आणि नशिबाला बोल लावायचा. दोन वर्षांनी पुढच्या स्पर्धेत आठ गट झाले. ही बातमी बंगलोरच्या गुरूंकडून कळली तेव्हा मी घरी पेढे आणले. बायकोने विचारलं, कोण पास झालं? मी म्हटलं, आपल्याकडची सगळी बारीक पोरं.

साताऱ्यात आल्यावर एका शाळेत मला कवायतीचं काम मिळालं, पण लाथांसाठी जागा मिळेना. शाळेच्या हेडमास्तरांना खिडक्यांची काळजी होती. शेवटी मी शिदू वस्तादांच्या तालमीत गेलो. वस्ताद मूळचे जतचे. साताऱ्यात निम्मी हयात गेली तरी रागावले की कानडी बोलायचे, त्यामुळे त्यांच्या शिव्या आम्हाला नुसत्या ऐकू यायच्या. तालमीत लाल मातीचा खोल चौक, त्याला हौदा म्हणतात. समोर मारुती. मी म्हटलं, सकाळी तुमची पोरं गेली की मला हा हौदा थोडा वेळ द्या. वस्तादांनी मी काय शिकवतो ते विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"लाथ गाढव मारतं, मेजर," वस्ताद म्हणाले, "पैलवान न्हाई. मारुतीम्होरं ह्या मातीत लाथ चालायची न्हाई. वऱ्हांडा मोकळा हाय, तितं काय नाचायचं ते नाचा."

तर मी वऱ्हांड्यात तरट अंथरून वर्ग सुरू केला. कवचं बाजारात मिळत नव्हतीच. एका बुरुडाकडून बांबूच्या पट्ट्या तासून घेतल्या आणि खोगीर शिवणाऱ्या कारागिराकडून त्या जाड कापडात शिवून घेतल्या. त्याने विचारलं, कुठल्या जनावरासाठी? मी म्हटलं, दोन पायांच्या.

गिऱ्हाइकं काय एकेक यायची. कोरेगावकडचे एक उसवाले शेतकरी मुलाला घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेजर, लय शिकवू नका. एकच लाथ शिकवा. बांधापुरती." भावकीत बांधावरून भांडण होतं. मी त्यांना सांगितलं की इथली पहिली लाथ जमायलाच सहा महिने लागतात, तोवर भांडण मिटवून टाका. ते मिटलं, आणि मुलगा मात्र माझ्याकडेच राहिला. एका शाळेच्या गॅदरिंगला मला कौलं फोडून दाखवायला बोलावलं. कुणीतरी उत्साहाच्या भरात नव्या मंगलोरी कौलांची थप्पी आणून ठेवली होती, खणखणीत भाजलेली. पहिल्या लाथेला कौलं हलली नाहीत, मी हललो. दुसरीला फुटली. त्यानंतर आठवडाभर मी वर्गात बसून शिकवलं आणि ती नवी पद्धत आहे असं पोरांना सांगितलं.

या सगळ्यांत हणमंत आला. तोही वडूजकडचाच. विशीतला, सडपातळ, बोलायला संकोची. गावच्या कबड्डीत चढाईला जायचा आणि पायाने गडी टिपून आणायचा. त्याचा पाय मी पहिल्यांदा बघितला आणि रात्री बायकोला म्हटलं, बंगलोरच्या गुरूंना दाखवावा असा पोरगा मिळालाय. गुडघा वर यायचा तो कुठे जाणार आहे हे शेवटपर्यंत कळायचं नाही. पाय कमरेला येईल असं वाटेपर्यंत कानापाशी पोचायचा. अशी देणगी शिकवून येत नाही. शिकवणाऱ्याने फक्त ती बिघडवायची नाही.

पण त्याच्या घरी फौजेची रीत होती. चुलते, थोरला भाऊ, सगळे पलटणीत. याचं भरतीचं वय हातातून चाललं होतं. वडिलांनी एवढंच कबूल केलं होतं की भारताच्या संघाच्या शिबिरात निवड झाली तर खेळ, नाहीतर दिवाळीनंतर गुपचूप भरतीच्या रांगेत उभा राहा. ते मला भेटायला आले तेव्हा फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, आवं मेजर, तुमी सवता फौजेतलं, तुमाला काय सांगायचं.

निवड स्पर्धा मुंबईला होती. हणमंताचा पहिला सामना एका शहरी मुलाशी. घंटा झाली आणि थोड्याच वेळात हणमंताची लाथ त्याच्या छातीवर अशी बसली की बांबूच्या पट्ट्यांचा आवाज मंडपभर झाला. माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या क्षणी जे झालं ते मी आजही विसरलो नाही. हणमंत वाकला, उजवा हात पुढे करून त्या मुलाच्या छातीला लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला नेला.

पाय लागला होता ना. नमस्कार नको करायला?

समोरच्या पोराला कुणी असले संस्कार केले नव्हते. त्याने वाकलेल्या हणमंताच्या कानशिलावर पाय ठेवून दिला. हणमंत आडवा झाला. उठला, पुन्हा एक सुरेख लाथ मारली, पुन्हा हात पुढे गेला. हात लावला म्हणजे समोरच्याला धरलं, असं समजून पंचाने वर हणमंतालाच दंड दिला. मी कोपऱ्यातून ओरडत होतो, नमस्कार नको, लाथ मार, लाथ! आणि माझ्या मागची सगळी माणसं पोट धरून हसत होती. सामना अर्थातच गेला. निवड समितीतले एक साहेब माझ्याकडे आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "पाय सोन्याचा आहे हो. पण हा खेळायला आलाय की पूजा करायला?"

नंतर त्यांनी एक आशा मात्र ठेवली. मलेशियाचा एक संघ दौऱ्यावर येणार होता आणि त्यांचे काही सामने सांगलीला ठरत होते. हणमंताला तिथे उभं करा, मी बघायला येतो, शिबिराची एक जागा मी तोवर रिकामी ठेवतो, असं ते म्हणाले.

आता आली ना पंचाईत. लाथ शिकवता येते, नमस्कार विसरायला कसा शिकवायचा? आमच्याकडे मूल चालायला लागलं की आधी हे शिकतं. माणसाला पाय लागला, पुस्तकाला लागला, सुपाला, केरसुणीला लागला की हात लावून डोळ्यांना लावायचा. मी हणमंताचा हात कवचाच्या दोरीत अडकवून बघितला, तर तो तोल जाऊन पडला. पोत्यावर सराव करायला लावला. दोन दिवस छान झाला. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की पोत्यात ज्वारी आहे. अन्नाला लाथा मारल्या म्हणून पठ्ठ्याने पोत्यासमोर बसून कान धरले आणि त्या दिवशी जेवला नाही. मी ज्वारी काढून भुसा भरला. रागावलो, समजावलं, फौजेतल्या भाषेतही समजावलं. तो खाली मान घालून ऐकायचा.

"मेजर," एकदा तो म्हणाला, "डोक्याला कळतंय. हाताला कळत न्हाई."

वस्ताद हे सगळं हौद्याच्या काठावर बसून पाठमोरे ऐकायचे. आमच्याकडे बघायचं नाही हा त्यांचा नेम होता. मात्र त्यांचा आरसा, ज्यात बघून ते फेटा बांधायचे, तो अलीकडे वऱ्हांड्याच्या बाजूला लागला होता. माझ्या ते लक्षात आलं.

सांगलीचा सामना पंधरवड्यावर आला होता. एका पहाटे मी लवकर तालमीत गेलो. वस्ताद एकटेच होते. हौद्याच्या काठाशी आले, वाकले, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली आणि मग पाय आत टाकला. हे मी जन्मभर बघत आलो होतो. कुठलाही पैलवान हेच करतो. आपणही देवळाच्या पायरीला आधी हात लावतो आणि मग पाय ठेवतो. पण त्या पहाटे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी विचारलं, वस्ताद, मातीला पाय लागायच्या आधीच नमस्कार का करता? लागल्यावर का नाही?

वस्तादांनी मी वेडा झालोय का ते नीट बघून घेतलं.

"पाय तर टाकायचाच हाय न्हवं," ते म्हणाले. "दीसभर ह्या आईला तुडवायचीच हाय. परत्येक पावलाला वाकत बसलो तर कुस्ती कवा करू? म्हणून आधीच मागून घ्यायची माफी. मंग मोकळ्या मनानं तुडवायचं."

मी तिथून जवळजवळ पळतच हणमंताच्या खोलीवर गेलो. तो चूळ भरत होता. मी म्हटलं, अरे, तायक्वांदोमध्ये सामन्याच्या आधी समोरासमोर वाकतात ते कशासाठी असतं सांग. तो म्हणाला, रीत म्हणून. मी म्हटलं, रीत नव्हे. ती आगाऊ माफी आहे. पुढच्या तीन फेऱ्यांत जेवढ्या लाथा लागतील त्या सगळ्यांची एकदम. तिथे मनापासून माग. एकदा मागितली की हाताचं काम संपलं.

कोरियन गुरूंनी हा अर्थ मला कधी सांगितला नव्हता. त्यांचा अर्थ वेगळा असेल. पण माझ्या पोराला समजेल असा अर्थ लावायची परवानगी मी स्वतःच घेतली आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्या सकाळी हणमंताने पुन्हा चूळ भरली आणि आपला उजवा हात उलटापालटा करून बघितला. मग थुंकला आणि म्हणाला, "ह्ये हाताला कळंल."

कळायला वेळ लागलाच. दर लाथेला हात अर्ध्या वाटेवर जायचा. पण सरावाच्या आधी तो इतका वेळ वाकून राहायचा की समोरचा पोरगा कंटाळून जांभई द्यायचा.

सांगलीला आम्ही आदल्या दिवशी एसटीने पोचलो. वजनं करायची होती आणि संयोजकांचा काटा ऐनवेळी रुसला. तेव्हा सगळ्यांना मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे नेलं. पोत्यांच्या थप्प्यांमधे पांढऱ्या गणवेशातले मलेशियन खेळाडू एकेक करून त्या काट्यावर चढले आणि उतरले तेव्हा कमरेपर्यंत पिवळे झालेले. हळद निवडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, एवढे नवरदेव आणि नवरी एकबी न्हाई? हणमंत त्याच्या गटात नीट बसला. त्याच्यासमोर जो खेळणार होता तो त्याच्याच वयाचा, हसऱ्या चेहऱ्याचा, मांडीने मात्र दणकट. मी त्याच्या मांड्या बघून घेतल्या आणि हणमंताला बघू दिल्या नाहीत.

सामने कॉलेजच्या मैदानावर मंडपात होते. कापसाच्या गाद्या, वर ताणून बसवलेली ताडपत्री, त्यावर खडूने आखलेला चौकोन. आणि माणसं! सांगली म्हणजे कुस्तीचं वेड. लाथांची कुस्ती आहे एवढंच ऐकून पंचक्रोशी लोटली होती. कुणीतरी हलगीवाल्यालाही घेऊन आलं होतं. पहिल्या रांगेत फेटा बांधून शिदू वस्ताद बसले होते. मी चकित होऊन जवळ गेलो तर म्हणाले, एक म्हैस बघायला आलो होतो, वाटेत मंडप लागला. समितीतले साहेब दुसऱ्या बाजूला खुर्चीवर होते. हणमंताचे वडीलही आले होते, पण ते मागे खांबाला टेकून उभे राहिले.

पंचाने नाव पुकारलं. दोघे समोरासमोर आले. पंच म्हणाला, वाका. मलेशियाचा गडी वाकला आणि सरळ झाला. हणमंत वाकला तो वाकलाच. त्याने ताडपत्रीला हात लावून कपाळाला लावला, समोरच्याच्या पायांकडे बघून ओठांत काही पुटपुटला. पंच घड्याळाकडे बघायला लागला. मी मनात म्हटलं, घे बाबा, घे, हवा तेवढा वेळ घे. मग तो सरळ झाला, आणि त्याचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका शांत होता.

पहिली फेरी बरोबरीची. पाहुणा कसलेला होता, दोनदा त्याने हणमंताला रेषेपर्यंत रेटलं. हणमंताची पहिली लाथ छातीवर बसली तेव्हा मी श्वास धरला. त्याचा उजवा हात पुढे सरकला, बोटं उघडली, आणि मधेच थांबून पुन्हा मूठ झाली. समितीतले साहेब खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्या फेरीत पाहुण्याची एक लाथ हणमंताच्या जबड्याला चाटून गेली, ओठ फुटला. माझ्या अंदाजाने आम्ही मागे पडलो होतो. फेरीनंतर मी त्याला पाणी दिलं. बोलायचं खूप होतं, पण एवढंच म्हटलं की माफी मागून झाली आहे, आता बाकी काही उरलेलं नाही.

तिसऱ्या फेरीत तो मोकळा झाला. कबड्डीतला तो चढाईचा पाय, वडूजच्या माळावरचा, मी ज्याला हातही लावला नव्हता तो, आता बाहेर आला. छातीवर एक. पाहुणा मागे सरला. त्याच पायाने खाली न टेकता दुसरी. पाहुणा वळला तसा हणमंत पाठमोरा फिरला आणि टाच सरळ कवचाच्या मधोमध घातली. पाहुणा उताणा पडला.

आणि मंडप फुटला. सांगलीच्या माणसाला उताणा म्हणजे काय हे जन्मापासून ठाऊक. पाठ टेकली, कुस्ती संपली! हलगी कडाडली, फेटे उडाले, आणि पाच-पन्नास माणसं हणमंताला खांद्यावर घ्यायला ताडपत्रीवर धावली. पंच अजून आकडे मोजत होता. पडलेल्याला उठायची सवलत असते. उठला तर सामना पुढे चालतो. आता पंच आकडे मोजायचे सोडून दोन्ही हात वर करून ओरडायला लागला. मैदान मोकळं झालं नाही तर सामना रद्द, निकाल नाही. मी माणसांना ढकलत होतो आणि माणसं मलाच उचलत होती. समितीतले साहेब उभे राहून टोपी घालायला लागले. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. पोरगा जिंकला आणि आमच्याच लोकांच्या मायेने बुडाला.

तेवढ्यात हलगी थांबली. वस्तादांनी जाऊन हलगीवर पंजा ठेवला होता. मग ते चौकोनाच्या मधे आले. त्या भागात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता.

"मागं सरा," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "ही आपली कुस्ती न्हाई. ह्यांच्यात पडल्याला उठतो आन् पुन्ना खेळतो. पावना हाय, उठू द्या त्येला. रेषेच्या आत पाय ठेवंल त्यो माज्याशी लढंल."

माणसं सरली. पैलवान पोरांनी हाताला हात धरून चारी बाजूंनी कडं केलं. पंचाने वस्तादांकडे बघितलं, वस्तादांनी त्याला हाताने खूण केली, चालू द्या. ज्या माणसाने माझ्या वर्गाकडे दोन वर्षं पाठ फिरवली होती, त्याला पडल्यापासून उठेपर्यंतचा नियम तोंडपाठ होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं म्हणजे आलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पाहुणा उठला होता. गडी जिद्दीचा. उरलेला वेळ दोघे असे खेळले की हलगीवाला वाजवायचं विसरला. घंटा झाली. कोपऱ्यांतले कागद गोळा झाले. पंचाने हणमंताचा हात वर केला, आणि या वेळी वस्तादांनीच हलगीवाल्याला मान हलवून परवानगी दिली.

गलका चालू असतानाच हणमंत पाहुण्याकडे गेला. त्याच्या कवचावर जिथे जिथे लाथ बसली होती तिथे तिथे हात लावून कपाळाला लावला. बिचारा पाहुणा गोंधळून आपल्या व्यवस्थापकाकडे बघायला लागला. व्यवस्थापक तिकडचेच, पण मूळ तमिळ घरातले. त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. त्यांनी आपल्या खेळाडूला दोन वाक्यांत काही सांगितलं. त्याने ते ऐकलं, हणमंताच्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं आणि हात पुढे करून त्याच्या हनुवटीला लावून स्वतःच्या कपाळाला लावला. मग ज्या टाळ्या झाल्या त्या मी शब्दांत लिहू शकत नाही. मागे खांबाशी हणमंताचे वडील उपरण्याने तोंड पुसत होते.

समितीतले साहेब माझ्याजवळ आले. टोपी हातात होती. म्हणाले, "आज पूजा आधीच उरकून आला वाटतं. पाठवा त्याला शिबिराला."

नंतर मी हणमंताला विचारलं, सुरुवातीला एवढा वेळ वाकून काय पुटपुटत होतास? तो म्हणाला, "माफीच मागत हुतो, मेजर. किती लागतील ठाऊक न्हवतं, म्हणून जरा जास्तीच मागितली."

पुढचं थोडक्यात सांगतो. तो शिबिराला गेला, संघात आला, परदेशातल्या मॅटवर छातीवर भारताचं नाव लावून उभा राहिला. तिथे एका कोरियन खेळाडूने त्याला हरवलं, पण तिन्ही फेऱ्या खेळून. परत आला तो हसतच आला. भरतीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आज मी टीव्हीवर सामने बघतो. कवचात वीज असते, लाथ लागली की आकडा आपोआप वाढतो, डोक्याला शिरस्त्राण असतं. चांगलंच आहे, कोपऱ्यातल्या पंचांची डुलकी तरी चुकली. फक्त पोरं वाकतात ती घाईत, मान हलवल्यासारखी. तेवढं मला खटकतं.

पण मला सांगायचं आहे ते सांगलीहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळचं. मी वऱ्हांड्यात तरट अंथरलं होतं. हणमंत सुजलेला ओठ घेऊन नेहमीसारखा तरटावर उभा होता. वस्ताद हौद्यात पोरांचे जोर बघत होते. त्यांनी पोरांना थांबवलं आणि हणमंताला हाक मारली. तो काठापर्यंत गेला आणि थांबला. दोन वर्षांत त्या काठापलीकडे आमच्यातल्या कुणाचा पाय गेला नव्हता.

वस्तादांनी मूठभर माती उचलली. मला वाटलं त्याच्या कपाळाला लावतील. पण तो पांढऱ्या मिशांचा माणूस खाली बसला आणि त्याने ती माती हणमंताच्या उजव्या पावलाला चोळली. हणमंत घाबरून मागे सरायला लागला, त्यांच्या पाया पडायला वाकायला लागला.

"हलू नगं," वस्ताद म्हणाले. "माझी माफी मागून झाली. आता टाक पाय आत."

हणमंताने माझ्याकडे बघितलं. मग माती कपाळाला लावली आणि पाय आत टाकला. मी वऱ्हांड्यातलं तरट गुंडाळलं, ते पुन्हा कधी उलगडलं नाही.